दीडशेचा पाइप आणि साडेवीस हजारांचं बिल

चतुर्थीला चार दिवस राहिले होते. मुंबईहून भाऊ-वहिनी येणार होते, आईला ओरोसला तपासणीला न्यायचं होतं, आणि नेमकी तेव्हाच आमची आठ वर्षांची पेट्रोल गाडी बिघडली. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसताना आरपीएमचा काटा ८०० वरून १,५०० वर जायचा, परत खाली यायचा, मधेच इंजिन बंद पडायचं.

हायवेलगतच्या एका गॅरेजात नेली. त्यांनी स्कॅनर लावला आणि पी०१७१ हा कोड दाखवला. "पेट्रोल कमी पडतंय. पंप गेला, इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर गेले, वर ट्यूनिंग करावं लागेल." गणपती तोंडावर आलेले, मी हो म्हटलं. २०,५०० रुपये दिले, साध्या कागदावर लिहून घेतलं. संध्याकाळी गाडी शांत चालली, म्हणून जुने पार्टही मागितले नाहीत. ही माझी सगळ्यात मोठी चूक.

विसर्जन झालं आणि काटा पुन्हा नाचू लागला.

या वेळी कुडाळच्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी स्कॅनर नंतर काढला, आधी विचारलं, "घाटात गाडी दम टाकता काय रे झिला?" नाही, फोंडाघाट ती आरामात चढते. पंप कमजोर असता तर खरा त्रास चढावर, भार पडल्यावर दिसला असता. नुसत्या उभ्या गाडीत होतो आहे, म्हणजे आधी हवा कुठून शिरते ते शोधायचं. मग त्यांनी इंजिन चालू ठेवून पाइपांवर साबणाचं पाणी शिंपडलं. एका पाइपापाशी पाणी आत ओढलं गेलं आणि काटा लगेच खाली आला. इंजिनातली वाफ मॅनिफोल्डकडे, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीकडे, परत नेणारा हा रबरी पाइप. त्यावर काळी टेप गुंडाळलेली होती. टेप तेलाने सुटलेली, खाली बोटभर भेग.

म्हणजे त्या गॅरेजवाल्याला खरं दुखणं सापडलं होतं. त्याने टेप मारून गाडी तात्पुरती शांत केली, आणि पैसे पंपाचे घेतले. हे कळलं तेव्हा मला नुसता राग नाही, फार वाईट वाटलं.

काकांनी इंजेक्टरच्या पट्टीचे बोल्ट दाखवले. त्यांवर पावसाळ्यातल्या लाल मातीचा थर जसाच्या तसा. "हेका पानो लागलोच नाय." मागची सीट उचलली, तर पंपाच्या झाकणावरची धूळही तशीच. नवीन पाइप दीडशे रुपयांचा, मजुरी दोनशे.

तो कोड खोटा नव्हता, हे लक्षात घ्या. पी०१७१ एवढंच सांगतो की मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे. ते पंपामुळे, चोंदलेल्या इंजेक्टरमुळे, किंवा फुटक्या पाइपामुळेही होऊ शकतं. कुठला पार्ट बदलायचा हे तो सांगत नाही. कुणी पंप बदला म्हटलं तर आधी गेज लावून पेट्रोलचा दाब मोजायला सांगा, जुना पंप आणि इंजेक्टर हातात घ्या, आणि पक्कं बिल मागा. ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, फोन केला तेव्हा माझ्याकडे दाखवायला तो साधा कागदच होता.

टेपसकट तो जुना पाइप मी गाडीच्या कप्प्यात ठेवला आहे. भेग कशी असते ते बघायचं असेल, तर कुडाळ-मालवणच्या बाजूला कुणालाही दाखवीन.