वारसा यादीतल्या घरावर कोणते कौल चढवावे? चार पर्यायांची पारख

गिरगावातली खोताची वाडी, माझगावची माथारपाखाडी, वांद्र्याचे रणवार किंवा पुण्याच्या पेठांमधले उरलेसुरले वाडे, यांचा बाहेरून दिसणारा चेहरा अर्धाअधिक छपराचा असतो. गळतीही तिथूनच सुरू होते. त्यामुळे बाहेरची कोणतीही गोष्ट बदलायची वेळ आली की पहिला नंबर मंगलोरी कौलांचा लागतो. बाजारात आज चार तऱ्हेचा माल मिळतो: पाडकामातून निघालेली जुनी कौले, भट्टीतली नवी मातीची कौले, सिमेंटची कौले आणि कौलासारखा ठसा उठवलेला रंगीत पत्रा. चारही "जुन्या घराला शोभतील" असे सांगूनच विकले जातात. घराला खरोखर चालतात त्यातले दोनच, आणि तेही डोळे उघडे ठेवून घेतले तर.

आधी जुना माल, कारण निवड चांगली झाली तर याच्या तोडीचे काही नाही. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती संस्थेने 1865 साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. पुढे कालिकत आणि फेरोकलाही त्यांच्या भट्ट्या झाल्या, आणि पश्चिम किनारा या कौलांनी झाकला गेला. पाठीवर छाप असलेली ही कौले वखारीत आजही सापडतात. मात्र छापातल्या 1865 या आकड्याला भुलू नका. ते कारखान्याच्या स्थापनेचे साल आहे, कौल भाजल्याचे नव्हे. नंतर कितीतरी वर्षे भाजलेल्या कौलांवरही तेच साल आहे. विक्रेता त्या आकड्यासाठी जास्त पैसे मागत असेल, तर तो भिंतीवर टांगायच्या शोभेच्या वस्तूचा भाव सांगतोय. छपराला सालाचा काही उपयोग नाही, साच्याचा आहे.

साचा हीच खरी अडचण. भारतीय मानक 654 मध्ये मंगलोरी कौलाची तीन मापे दिली आहेत: 410 × 235, 420 × 250 आणि 425 × 260 मिलिमीटर. त्यातून प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा वेगळा. कडेच्या पन्हळीची खोली, डोक्याकडची खाच, मागचे कान, सगळ्यात दोनचार मिलिमीटर इकडेतिकडे. एका कौलात हा फरक डोळ्याला दिसत नाही. पण एका ओळीत वीस कौले बसली आणि प्रत्येकाने 3 मिलिमीटर जास्त घेतले, की शेवटी 60 मिलिमीटरचा घोळ होतो. मग कारागीर कौल दाबून बसवतो, कौल एका कोपऱ्यावर अधांतरी राहते आणि पहिल्या वादळी पावसात पाणी त्या फटीतून आत येते. "कौले चांगली होती, तरी गळतंय" ही तक्रार बहुतेक वेळा साच्यांच्या भेसळीची असते.

म्हणून वखारीत जाताना घरावरचे एक धड कौल सोबत न्या. छाप जुळली तरी तेवढ्यावर थांबू नका. जमिनीवर 12 कौले ओळीने एकमेकांत अडकवा. एकदा पूर्ण ओढून आणि एकदा पूर्ण दाबून मधल्या 10 कौलांची लांबी मोजा, आणि दोन्हींची सरासरी काढा. घरावरच्या 10 कौलांचे हेच माप घेऊन तुलना करा. दहा कौलांत 5 मिलिमीटरपर्यंतचा फरक निभावून नेता येतो, त्यापुढे नको.

नग तपासायची रीत जुनीच आहे. कौल एका हाताने कडेला धरून बोटाच्या पेराने वाजवायचे. खणखणीत वाजले तर आत भेग नाही, बद्द वाजले तर बाजूला ठेवायचे. मागचे कान तुटलेले नकोत, कारण कौल रिपेवर, म्हणजे वाशांवर आडव्या ठोकलेल्या लाकडी पट्टीवर, अडकते ते कानांच्या जोरावर. कडेच्या पन्हळीत सिमेंट भरलेले असेल तर ते कौल सोडून द्या. सिमेंट खरवडताना कड हमखास तुटते. वरची कातडी पापुद्र्यासारखी सुटत असेल, तर त्यात समुद्राच्या हवेतले मीठ शिरलेले आहे, आणि ते थांबत नाही.

दराचे गणितही नगावर करू नका. समजा दर 20 रुपये सांगितला आणि शंभरातली सत्तरच कामाची निघाली, तर कौल साडेअठ्ठावीस रुपयांना पडले. निवडून घ्यायची मुभा देणारी वखार दोन रुपये जास्त घेत असली तरी तीच स्वस्त. ट्रकमध्ये आडवी रचून आणलेली कौले उतरवताना फुटतात. उभी, एकमेकांना टेकवून, मधे पेंढा घालून आणायला सांगा. जुन्या मालाला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो एवढ्यासाठी, की एकाच साच्याची 3,000 कौले एका ठिकाणी मिळणे आता नशिबाचा भाग आहे.

नवी मातीची कौले केरळ आणि कर्नाटकातून येतात, तशीच गुजरातेत मोरबीच्या पट्ट्यातूनही. यात चांगला आणि वाईट माल शेजारीशेजारी ठेवलेला असतो, आणि रंगावरून काही कळत नाही. पाण्यावरून कळते. कोरडे कौल वजनकाट्यावर ठेवा, 24 तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. 2.4 किलोचे कौल 2.8 किलो झाले तर ते सुमारे 17 टक्के पाणी पिते, म्हणजे चालेल. 20 टक्क्यांच्या वर गेले तर माल परत करा. ते कौल पावसाळाभर ओले राहील, त्याखालची रीप कुजेल आणि छपराचा भारही वाढेल. एका कौलावर समाधान मानू नका. ढिगाच्या वरून, मधून आणि तळातून मिळून सहा तरी उचला. सपाट फरशीवर ठेवून कौल डुगडुगते का तेही बघा. भट्टीत वाकलेले कौल कितीही खणखणीत वाजले तरी शेजारच्याशी नीट जुळत नाही.

लाल रंग फासलेली "चकचकीत" नवी कौले मात्र टाळा. मातीच्या कौलाने पाणी प्यावे आणि उन्हात ते सोडावे, हेच त्याचे काम. वर रंगाचा पडदा आला की खालून शिरलेला ओलावा अडकतो आणि दोनचार पावसाळ्यांत रंग खपल्यांनी सुटतो. यादीतल्या घरांतले बदल तपासणाऱ्या वारसा समितीसमोर नमुना ठेवायचा असेल तर बिनरंगी कौलच ठेवा. नवी कौले सुरुवातीला भगवी आणि एकसारखी दिसतात, त्याला इलाज नाही आणि गरजही नाही. दोनतीन पावसाळ्यांत ती काळवंडतात. बिनरंगी, चांगल्या भाजणीच्या नव्या कौलांना पाचपैकी साडेतीन.

जुनी आणि नवी एकत्र करायची तर सरसकट मिसळू नका. छपरावरून निघालेली सगळी धड जुनी कौले गोळा करून रस्त्याकडच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या त्या उतरत्या बाजूवर चढवा, आणि नवी मागच्या किंवा आतल्या चौकाकडच्या पाख्यावर. रस्त्यावरून घर जसेच्या तसे दिसते, प्रत्येक पाख्यावर एकच साचा राहतो आणि बहुतेक वेळा निम्म्याच नव्या मालात काम भागते. समितीलाही हा मार्ग पटवणे सोपे जाते.

मोजणीचा अंदाज असा: 100 चौरस फुटांना 140 ते 150 कौले, आणि फूटतुटीसाठी 10 टक्के वर. अडीच किलोच्या हिशोबाने 100 चौरस फुटांवर सुमारे 360 किलो, भिजल्यावर 400 च्या पुढे. क्षेत्रफळ जमिनीवरून मोजू नका, उतारावरून मोजा. 30 अंशांच्या उताराला ते जमिनीच्या मापापेक्षा सुमारे 15 टक्के जास्त भरते. अर्ध्या ऑर्डरी इथेच चुकतात. या कौलांना उतारही किमान एवढा हवा: 3 फूट आडवे गेले की पावणेदोन फूट चढ. पडवीचे छप्पर मागाहून वाढवलेले असेल तर ते बहुधा याहून चपटे असते. तिथे कोणतेही कौल घातले तरी गळणारच, आधी उतार सुधारायला हवा.

सिमेंटची कौले थोडक्यात सांगून संपवू. 100 चौरस फुटांना ती साडेचारशे किलोच्या आसपास जातात, आणि शंभर वर्षांच्या वाशांवर हा भार टाकायचे कारण नाही. कड जाड असल्यामुळे ओळींची सावली वेगळी पडते आणि छप्पर लांबूनही उपरे दिसते. रंग उडाला की करडे सिमेंट उघडे पडते. नव्या बंगल्यावर खुशाल घाला. पाचपैकी दीड.

पत्र्याची बाजू घेणारे म्हणतात की तो हलका असतो, आणि ते खरे आहे: 100 चौरस फुटांना जेमतेम 45 किलो. पण या घरांत छप्पर जागच्या जागी राहते ते कौलांच्याच वजनाने. वासे भिंतीवरच्या पाटावर नुसते टेकलेले किंवा एखाददुसऱ्या खिळ्याने धरलेले असतात. वजन काढून घेतले की वादळात वारा छप्पर खालून उचलतो, आणि मग पत्रा एकटा जात नाही, वाशांसकट जातो. पत्रा टाकायचाच असेल तर वासे भिंतीत अडकवावे लागतात, म्हणजे भिंत फोडणे आले. शिवाय कापलेल्या कडा समुद्राच्या हवेत गंजतात आणि पावसात आतल्या माणसांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही. वारसा घरासाठी पाचपैकी शून्य, गोठ्यासाठी चार.

कौल कितीही चांगले आणले तरी बसवणीत काम बिघडू शकते, आणि ते ठराविक जागीच बिघडते. पहिली जागा रिपांची. 410 मिलिमीटरच्या कौलाला दोन रिपांमधले अंतर साधारण 320 मिलिमीटर लागते. मोठ्या मापाचे कौल आणले तर सगळ्या रिपा हलवाव्या लागतात आणि जुन्या सागवानी वाशांना नव्या खिळ्यांची भोके पडतात. जुन्याच मापाचा आग्रह धरायचा तो यासाठीही. कुजलेल्या रिपांच्या जागी लोखंडी पाइप घालू नका. तो तापतो, त्याच्यावर ओल धरते आणि गंज कौलाच्या कानाला लागतो. 2 × 1 इंचाची लाकडी रीपच हवी, वाळवीचे औषध लावून दोन दिवस वाळवलेली.

दुसरी जागा आढ्याची, म्हणजे दोन पाखे मिळतात त्या माथ्याची. तिथली कौले निव्वळ सिमेंटमध्ये बसवली की लाकूड पावसात फुगते, उन्हात आटते, सिमेंट मात्र हलत नाही. केसाएवढी भेग पडते आणि पाणी थेट आढ्याच्या लाकडात जाते. 1 भाग चुना, 1 भाग सुरखी (विटांची भुकटी) आणि 2 भाग वाळू हे मिश्रण वापरा, कौल आधी भिजवून घ्या आणि आठवडाभर गोणपाट ओला ठेवा. ठेकेदार "चुना धरत नाही" म्हणतो तेव्हा त्याने कौल भिजवलेले नसते.

वळचणीच्या पहिल्या दोन ओळी आणि कडेची कौले तारेने बांधावीच लागतात. मागच्या कानाला त्यासाठी भोक असते. तार तांब्याची घ्या. जस्त चढवलेली लोखंडी तार किनाऱ्यावर लवकर गंजून तुटते. कौलांखाली प्लास्टिकचा कागद घालायची टूम निघाली आहे, तीही नको. आतली वाफ त्याच्यावर जमते आणि रिपा खालून कुजतात. साफसफाईला काथ्याचा ब्रश पुरे. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने भाजलेली कातडी निघून जाते आणि तेच कौल पुढच्या पावसाळ्यात झिरपू लागते.

छपराला हात लावलाच आहे तर वळचणीच्या लाकडी झालरीचेही बघून घ्या. संगणकी यंत्रावर झालर कापून देणारे आता बरेच झाले आहेत आणि काम वेगाने होते. पण यंत्राचे पाते गोल फिरते, त्यामुळे आतले टोकदार कोपरे गोलसर येतात. ते सुताराकडून पटाशीने काढून घ्या, नाहीतर नक्षी बोथट दिसते. नमुना म्हणून सर्वांत झिजलेला तुकडा देऊ नका. छपराच्या आडोशाला राहिलेला तुकडा शोधून त्याचा कागदी साचा करा. लाकूड सागवानच, पाऊण इंच जाडीचे. दाबीव भुशाचा बोर्ड एका पावसाळ्यात फुगतो.

परवानगीचे आधी बघा, माल नंतर. मुंबईत 1995 च्या नियमावलीपासून वारसा वास्तूंच्या श्रेणी 1, 2अ, 2ब आणि 3 अशा आहेत, आणि वारसा परिसर वेगळे. आपले घर कशात मोडते त्यावर किती बदल चालेल ते ठरते. अर्जासोबत प्रत्येक पाख्याचे फोटो, रिपांच्या अंतराचे माप, जुन्या कौलाच्या छापेचा फोटो आणि नव्या कौलाचा नमुना द्या. पुण्यात शनिवारवाड्यासारख्या केंद्र-संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आतल्या घराला दुरुस्तीसाठीही राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते, महापालिकेची वेगळी. त्यामुळे अर्ज पावसाळा संपताच टाकावा. छप्पर उघडायचे दिवस जानेवारी ते एप्रिल. मे महिन्याच्या मध्यावर उघडे छप्पर म्हणजे वळवाच्या पावसाला आमंत्रण.

काम संपल्यावर उरलेल्या कौलांपैकी प्रत्येक साच्याची निदान पन्नास माळ्यावर किंवा जिन्याखाली उभी रचून ठेवा, आणि वरच्या कौलावर खडूने लिहा: कुठल्या पाख्याची, कुठल्या छापेची, दहा कौलांचे माप किती. माकडांनी किंवा नारळाने दोन कौले फोडली की वखारीची फेरी वाचेल.