समाजमंदिर बांधताना: तीन खोल्या की एकच मोठा हॉल?

समाजमंदिराचा नकाशा ठरवायला बसलं की आमच्या कृष्णाकाठी दोन गट पडतात. मंडळाच्या पोरांना मोठा हॉल हवा असतो, बचत गटाच्या बायकांना नि अभ्यासिकेतल्या मुलांना आपली खोली. जागा ४० बाय २५, म्हणजे १,००० चौरस फूट धरू.

पक्क्या खोल्यांचा मोठा गुण म्हणजे शांतता. पलीकडे भजन रंगलं तरी दार लावून अभ्यास होतो, आणि ज्याचं कुलूप त्याच्या हातात राहतं. पण ग्रामसभा किंवा बारसं आलं की एकही खोली पुरत नाही, बाहेर मांडव घालावा लागतो.

हॉलमध्ये सरकतं पार्टिशन घातलं तर एकाच दिवशी लसीकरण, गटाची बैठक आणि लेझीम बसतं. मात्र पार्टिशन थेट स्लॅबपर्यंत न्या, नाहीतर वरच्या फटीतून सगळं ऐकू येतं. ते वरून टांगतं घ्या. जमिनीतल्या रुळात माती बसते आणि म्हाताऱ्या माणसांचा पाय अडकतो. वजन बीमवर येणार, हे इंजिनिअरला आधीच सांगा.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, तेव्हा इथे स्टेजचा आग्रह होणारच. मलाही नाटक प्रिय आहे, तरी पक्कं स्टेज नको. सुट्या चौक्या जोडून स्टेज होतं नि दुसऱ्या दिवशी जमीन मोकळी. या चौक्या, खुर्च्या, सतरंज्या ठेवायला कोठी हवीच. कोठी नसलेला हॉल बघता बघता गोदाम होतो.

आणि पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. त्या पुराच्या खुणेच्या वर जोतं येत नसेल तर निवाऱ्यासाठी दोन्ही नकाशे निरुपयोगी. निवाऱ्यात माणशी किमान साडेतीन चौरस मीटर, म्हणजे साधारण ३८ चौरस फूट जागा धरतात. बाळंतिणी आणि आजाऱ्यांना आडोसा लागतो, तो पार्टिशन ओढून लगेच मिळतो.

माझा कौल हॉलला, पण त्यातून १०० फूट कोठीला आणि १५० फूट अभ्यासिकेला कायमचे काढून. अभ्यासिकेचं दार बाहेरून. उरलेल्या साडेसातशेत पुराच्या वेळी २०च माणसं नीट झोपतील, हा आकडा बैठकीत आधी सांगा. जवळच शाळेचा मोठा, उंचावरचा हॉल मिळत असेल, तर मात्र तीन खोल्याच बांधा.