गोचीड, पिसवा आणि जंत: कोल्हापूरच्या पावसात कोणतं औषध टिकतं?

रंकाळ्यावर भिजून आलेल्या कुत्र्याला दर आठवड्याला शाम्पू लागत असेल, तर मानेवर सोडायच्या फिप्रोनिलच्या थेंबांवर पैसे घालू नयेत. हे औषध त्वचेच्या तेलकट थरातून पसरतं. आधी-नंतरचे दोन दिवस आंघोळ टाळावी लागते, आणि वारंवार शाम्पूनं महिनाभराचा असर लवकर ओसरतो. थेंब केसांवर पडले तर तेही वायाच. केस बाजूला सारून थेट कातडीवर सोडावेत.

इथल्या जून ते सप्टेंबरसाठी चघळायची गोळीच सरस. नेक्सगार्ड महिनाभर पुरते, ब्रॅव्हेक्टो गोचीड-पिसवांवर साधारण बारा आठवडे. किंमत जास्त वाटते, पण महिन्यांनी भागून बघा. ब्रॅव्हेक्टो जेवणासोबतच द्यावी, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. गोळीनंतरही गोचीड दिसते म्हणून लोक तक्रार करतात. ती चावल्यावरच मरते, त्याला काही तास लागतात. आणि अंडी भिंतीच्या फटीत असतात, तिथली सफाई कोणतीच गोळी करत नाही. कुत्र्याला फिट येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या नकोतच.

जंतांसाठी ड्रॉन्टल प्लस उत्तम: दहा किलोला एक गोळी. वजन अंदाजानं नको, काट्यावर करा. मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी पुरे. शेपटीखाली तांदळासारखे दाणे दिसले तर तो पट्टकृमी, आणि तो बहुतेकदा पिसवांमधून येतो. पिसवा राहिल्या तर जंत परत येणारच.