मेंदूच्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन: भूल शिरेतून की श्वासातून?

केईएम, नायर, जेजे, कुठेही मेंदूच्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन ठरलं की भूलतज्ज्ञ आधी पेशंटला तपासतात. नातेवाईक तेव्हा बहुधा रक्ताच्या बाटल्यांमागे धावत असतात. घरातल्या एकाने तरी त्या वेळी खाटेजवळ थांबावंच.

फुगलेल्या रक्तवाहिनीला क्लिप लावायला पूर्ण भूल लागतेच. ती टिकवायची कशाने, एवढाच प्रश्न. प्रोपोफॉल हे दुधासारखं पांढरं औषध पंपाने शिरेतून देत राहतात. त्याने मेंदूची प्राणवायूची गरज आणि रक्ताचा ओघ दोन्ही उतरतात, म्हणून सुजलेल्या मेंदूला ते मानवतं. हातापायांकडे जाणारे मेंदूचे संदेश ऑपरेशनभर तपासायचे असतील तरी तेच सोयीचं, कारण भुलीच्या वायूने ते संदेश जास्त क्षीण होतात. नंतर उलट्याही कमी होतात.

सेव्होफ्लुरेन हा भुलीचा वायू श्वासातून देतात. मात्रा वाढली की मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि कवटीतला दाब चढू शकतो. बेताच्या मात्रेत हा त्रास सहसा होत नाही. शिवाय पेशंटच्या उच्छ्वासात ते किती आहे, हे मॉनिटरवर सतत दिसतं. प्रोपोफॉलचं रक्तातलं प्रमाण असं दिसत नाही. घरात कुणाला भुलीत अचानक प्रचंड ताप येऊन स्नायू आखडले असतील तर न विचारता सांगा. अशा घराण्यात हा वायू टाळतात.

सूज असेल किंवा संदेश तपासायचे असतील तर माझा कौल प्रोपोफॉलला. एरवी तुमच्या भूलतज्ज्ञाचा हात ज्यावर बसला आहे ते घ्या, आणि रक्तदाब कसा सांभाळणार ते विचारा. क्लिप लागण्याआधी तो उसळला तर फुगा फुटू शकतो, फार घसरला तर मेंदू उपाशी राहतो.

मानेतली धमनी साफ करायची असेल तर जागेपणीही ऑपरेशन होतं: फक्त मान बधिर करतात. धमनी चिमट्यात धरल्यावर पेशंट बोलतोय, मूठ आवळतोय, यावरून रक्त पुरतंय का ते तिथल्या तिथे कळतं. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गाला’ चाचणीत 3,526 पेशंट होते. पक्षाघात, हार्ट अ‍ॅटॅक किंवा मृत्यू यांचं महिनाभरातलं प्रमाण पूर्ण भुलीत 4.8 टक्के, जागेपणी 4.5 टक्के, म्हणजे फरक नाहीच. मग पेशंटच्या स्वभावावर जा. घाबरट माणसाला जागं ठेवू नये.

पक्षाघातात गुठळी काढताना मात्र मिनिटं मोजलेली असतात. पेशंट शांत असेल तर हलकी गुंगी, तळमळत किंवा ओकत असेल तर पूर्ण भूल. तिथे निवड डॉक्टरांवर सोडा आणि संमतीपत्रावर सही लगेच करा.