आत्याचा ‘मानसिक आरोग्य आराखडा’: आठ महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारी २०२५ मध्ये आत्याला पुण्यातल्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. तिथल्या समुपदेशक ताई म्हणाल्या, हिच्या मनाच्या काळजीचा वेगळा आराखडा करू. महिन्याला दीड हजार जास्तीचे. मला वाटलं, बिल फुगवायचा धंदा.

आत्या किल्लारीजवळची. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा गणपती बोळवून सगळे नुकते झोपले होते. दगडमातीच्या घराचं माळवद अंगावर आलं. आत्याला दुपारी बाहेर काढलं, सासूबाई गेल्या. पुढे तीस वर्षं ती त्यावर फारसं बोललीच नाही. आता विसराळूपणा वाढलाय, पण ती पहाट परत आलीये.

आश्रमात ती पहाटे किंचाळायची, आयांना ओरबाडायची. फाइलवर शेरा ‘आक्रमक’, आणि झोपेची गोळी सुरू. ताईंनी रात्रपाळीची वही चाळली. डायपर बदलायची फेरी नेमकी पहाटे चारची! अंधारात कुणीतरी पांघरूण ओढतंय, पलंगाला दोन्हीकडून कठडे. दुसरं काय होणार?

आता फेरी साडेपाचला. पलंग दाराजवळ आणि बुटका, म्हणजे कठडे नकोत. रात्रभर छोटा दिवा. आराखड्याच्या कागदावर सगळ्यात वर आत्याचंच वाक्य आहे: “आधी हाक मार, मंग हात लाव.” डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करत जूनमध्ये बंद केली, दिवसाचं पेंगणं गेलं. भूकंपाबद्दल तिला कुणी खोदून विचारत नाही. मेथी निवडताना कधी आपणहून बोलते.

तक्रारी आहेतच. रात्रीच्या आया सतत बदलतात आणि कागद वाचायला कुणाला वेळ नसतो. ऑगस्टमध्ये एका नवीन बाईंनी कुठूनसे कठडे आणून लावले, सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्या रात्री मी टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, १४४१६ वर फोन केला. मराठीत नीट बोलले, पण धीर मला मिळाला. आत्याला समोर माणूस लागतो.

मोठी चूक आम्हा सगळ्यांचीच. आराखड्यात ‘३० सप्टेंबरला जास्त लक्ष’ असं लिहिलं होतं. तो दिवस शांत गेला. आत्या रात्रभर जागी होती ती ६ सप्टेंबरला, बाहेर विसर्जनाचे ढोल चालू असताना. तिच्या लेखी ती रात्र अनंत चतुर्दशीची, तारखेची नाहीच.

आता तारीख खोडून तिथी लिहिलीये. २०२६ मध्ये ती २५ सप्टेंबरला येते. त्या रात्री मी तिथेच झोपणार आहे. गादीचे दोनशे रुपये वेगळे, असं ऑफिसातून आत्ताच सांगून ठेवलंय.