बारावीनंतर लॉ की पदवीनंतर?

वर्षांचा हिशेब आधी उरकून घेऊ. बारावीनंतर थेट बीए एलएलबी केलं तर पाच वर्षं, पदवी घेऊन एलएलबी केलं तर सहा. फरक एका वर्षाचा. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, दोघांनाही सारखीच मिळते आणि वकिली करण्यासाठीची ऑल इंडिया बार परीक्षा कुणालाच चुकत नाही. एवढ्यावरून घरोघरी इतकी खडाजंगी का होते, देव जाणे.

खरा फरक पडतो तो प्रवेशात. राष्ट्रीय विधी विद्यापीठच हवं असेल तर बारावीतच ठरवा, कारण तिथे बहुतेक जागा पाच वर्षांच्या कोर्सच्या असतात. पदवीधरांसाठी तीन वर्षांची सोय बंगळुरूसारख्या मोजक्या ठिकाणी. क्लॅट, म्हणजे या विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा, हल्ली डिसेंबरात होते, म्हणजे बोर्डाचा अभ्यास ऐन भरात असताना: १२० प्रश्न, दोन तास, चुकीला पाव गुण वजा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची राष्ट्रीय विधी विद्यापीठं क्लॅटवर भरतात, दिल्लीची परीक्षा वेगळी. फी वर्षाला लाखांत जाते. मोठ्या लॉ फर्म कॅम्पसवर येतात, म्हणून पालक ती भरतात.

राज्याच्या सीईटीचं गणित निराळं. पाच आणि तीन वर्षांसाठी स्वतंत्र परीक्षा, वजा गुण नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. मुंबईचं १८५५ सालचं शासकीय विधी महाविद्यालय, पुण्याचं आयएलएस, दोन्हींची वाट हीच. जिल्हा न्यायालयात वकिली करायची असेल, तर माझ्या मते हा रस्ता पुरेसा आहे. तिथे पक्षकार कॉलेजचं नाव विचारत नाही. चांगल्या सीनिअरकडची ज्युनिअरशिप जास्त कामाला येते.

पदवी आधी घेण्याचा फायदा मात्र कमी लेखू नका. पेटंट एजंटच्या (दुसऱ्यांसाठी पेटंटचे अर्ज करणाऱ्याच्या) परीक्षेला विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. बीए एलएलबीवाल्याला ते दार बंद. बीकॉमवाल्याला करांच्या कामात आकड्यांची भीती नसते. बारावीला मन डळमळीत असेल, तर मी पदवीच्या बाजूने.

न्यायाधीश व्हायचंय? सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ती तीन वर्षं दोन्ही हिशेबांत वाढवा.

अर्ज कोणताही भरा, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेयरचे कागद निकालाआधी हातात हवेत. सीईटीनंतरच्या कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीत, गुण असूनही जागा हुकते ती बहुधा यांच्यापायी.