अ‍ॅमेझॉनचं कार्ड की फ्लिपकार्टचं?

मावसबहिणीचं या दोन क्रेडिट कार्डांत अडलं होतं. तिला सांगितलं ते इथेही मांडते.

खर्च: अ‍ॅमेझॉन पे आयसीआयसीआय कार्डाला वार्षिक फी नाही. फ्लिपकार्ट अ‍ॅक्सिसला ५०० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५९०. ते वसूल व्हायलाच ५ टक्के परताव्याने ११,८०० रुपयांची खरेदी लागते.

परतावा: अ‍ॅमेझॉनवर प्राइम (पैसे भरून घ्यायचं वार्षिक सदस्यत्व) असेल तर ५ टक्के, नसेल तर ३. या २ टक्क्यांसाठी १,४९९चं प्राइम घेणार असाल तर हिशेब करा: वर्षाला जवळपास ७५,००० ची खरेदी हवी! फ्लिपकार्टवर सरसकट ५ टक्के मिळतात, पण तिमाही मर्यादा आहे. बाकी दुकानांत दोन्हीकडे साधारण १ टक्काच.

पैसे मिळतात कसे, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. फ्लिपकार्टचा कॅशबॅक थेट बिलातून वजा होतो. अ‍ॅमेझॉनचा अ‍ॅमेझॉन पे बॅलन्समध्ये, म्हणजे त्यांच्याच वॉलेटमध्ये, अडकतो.

किराणा-औषधं अ‍ॅमेझॉनवरून मागवणाऱ्यांनी, आणि पहिलंच कार्ड घेणाऱ्यांनी, बिनफीचं घ्यावं. कपडे, मोबाइल, घरसामान फ्लिपकार्टवरूनच येत असेल तर दुसरं. दरमहा पूर्ण बिल भरणं जमत नसेल, तर कुठलंच नको. व्याज या टक्क्यांना सहज गिळतं.